काचेवर स्फटिकमय सिलिकॉनचा पातळ थर: सब्स्ट्रेट निवडण्यापासून ग्रेन तपासण्यापर्यंत

सिलिकॉनचा १०० नॅनोमीटरचा थर बसवणं हे कुठल्याही बऱ्या फर्नेसचं रोजचं काम आहे. खाली काच किंवा ऑक्साइड असताना तोच थर ट्रान्झिस्टरच्या उपयोगी पडेल इतका चांगला स्फटिकमय करणं, इथे खरी मेहनत लागते. अमॉर्फस, म्हणजे अणूंची मांडणी विस्कळीत असलेल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात सरकण्याची सहजता) जेमतेम १ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असते. एकसंध स्फटिकात ती १४००च्या घरात जाते. या दोन टोकांच्या मधला सगळा प्रदेश पॉलिसिलिकॉनचा, म्हणजे अनेक छोट्या स्फटिककणांनी (ग्रेननी) बनलेल्या सिलिकॉनचा. फर्नेसमध्ये सावकाश स्फटिकवलेल्या थराचा ट्रान्झिस्टर साधारण २० ते ५०च्या दरम्यान राहतो, लेसरने वितळवून गोठवलेल्या थराचा १००च्या पुढे जाऊ शकतो.

हा फरक येतो ग्रेनच्या आकारातून आणि ग्रेनच्या सीमांवर मोकळ्या राहिलेल्या बंधांतून. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत जायचं: यामुळे स्फटिकाची बीजं वाढणार की कमी होणार? बीजं दाट पडली की दाट पेरलेल्या रोपांसारखी सगळीच खुरटतात. मोजकी बीजं आणि वाढायला भरपूर वेळ, एवढं साधलं की निम्मं काम झालं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. यात सायलेन (सिलिकॉन देणारा वायू), फॉस्फिन आणि हायड्रोफ्लुरिक आम्ल येतं. गॅस कॅबिनेट, स्क्रबर, गळती ओळखणारे सेन्सर आणि शिकवलेली माणसं असलेल्या क्लीनरूमबाहेर यातली एकही पायरी करू नये.

आधी मार्ग ठरवा

खाली उघडा एकसंध सिलिकॉन वेफर असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. १००० ते ११५० अंश सेल्सिअसला डायक्लोरोसायलेन किंवा ट्रायक्लोरोसायलेन वापरून एपिटॅक्सी करा. खालची अणूंची जाळी वर तशीच चढत जाते. ऑक्साइडवर एकसंध स्फटिकच हवा असेल तर तो वाढवत बसण्यापेक्षा आयता चिकटवलेला बरा. वेफरमध्ये हायड्रोजन आयन रोवायचे, तो दुसऱ्या वेफरला जोडायचा आणि तापवून पातळ काप सोलून घ्यायचा, ही स्मार्ट कट पद्धत फ्रान्समधल्या लेटी संस्थेत मिशेल ब्रुएल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आणली. बाजारात मिळणारे बरेचसे सिलिकॉन-ऑन-इन्शुलेटर वेफर याच पद्धतीचे असतात.

ट्रान्झिस्टरच्या गेटसाठी (प्रवाह चालू-बंद करणारं टोक) किंवा रेझिस्टरसाठी थर हवा असेल तर सायलेनने ६२० अंशांच्या आसपास थेट पॉलिसिलिकॉन बसवा आणि पुढे चला. चॅनेलसाठी, म्हणजे ट्रान्झिस्टरमधल्या प्रवाहाच्या वाटेसाठी, मात्र हा थेट मार्ग मला पटत नाही. त्या तापमानाला बीजं पहिल्या क्षणापासून पृष्ठभागावर दाट पडतात, ग्रेन अरुंद आणि उभे वाढतात, आणि वरचा पृष्ठभाग खडबडीत होतो. चॅनेलसाठी आधी गुळगुळीत अमॉर्फस थर बसवायचा आणि मग वेगळ्या पायरीत स्फटिकवायचा. पुढचा सगळा मजकूर याच मार्गाचा आहे.

सब्स्ट्रेट

सब्स्ट्रेट म्हणजे थराखालचा आधार. तीन पर्याय समोर येतात: फ्यूज्ड क्वार्ट्झ, ऑक्साइड चढवलेला वेफर आणि डिस्प्लेची अल्कलीविरहित काच. साधी खिडकीची काच बाद; तिच्यातला सोडियम वर चढतो आणि ६००च्या बराच आधी ती नरम पडायला लागते.

डिस्प्लेच्या चांगल्या काचेचा स्ट्रेन पॉइंट (ज्याच्या वर काच आकार बदलू लागते ते तापमान) ६७० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे ६००चं अनीलिंग (तापवून ठेवणं) ती सोसते. पण सोसता सोसता किंचित आक्रसते. पुढे लिथोग्राफीत थरावर थर जुळवायचे असतील तर ही काच आधीच एकदा रिकामी तापवून घ्या आणि तिच्यावर सिलिकॉन नायट्राइड व ऑक्साइडचा बफर थर द्या.

क्वार्ट्झ उष्णतेला दाद देत नाही, पण तो तापून फार कमी प्रसरण पावतो. त्याचा प्रसरणांक अंशाला ०.५ दशलक्षांश, सिलिकॉनचा २.६च्या आसपास. थंड होताना सिलिकॉनला जास्त आक्रसायचं असतं आणि खालचा क्वार्ट्झ त्याला आक्रसू देत नाही, त्यामुळे थर ताणात राहतो. त्यात अमॉर्फसचं स्फटिक होताना घनता थोडी वाढते, तो ताण वेगळा. १०० नॅनोमीटरला हे चालून जातं. मायक्रॉनभर जाडी झाली की भेगा दिसायला लागतात.

माझा सल्ला: पहिल्या बॅचला ऑक्साइडवाले वेफर आणि क्वार्ट्झचे तुकडे एकाच बोटीत (फर्नेसमध्ये वेफर धरणाऱ्या स्टँडमध्ये) शेजारी ठेवा. वेफर तोडून आडवा छेद बघता येतो, क्वार्ट्झमधून आरपार बघता येतं. क्वार्ट्झ का लागतो ते तपासणीच्या भागात येईल.

सफाई

आरसीए क्लीन. वेर्नर कर्न यांनी ही पद्धत आरसीए कंपनीत १९६५मध्ये बसवली आणि अजून तिच्यावाचून फारसं कुणाचं चालत नाही. पहिल्या द्रावणात अमोनियम हायड्रॉक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी १:१:५. तापमान ७५ ते ८० अंश, वेळ १० मिनिटं. यात कण आणि सेंद्रिय मळ जातो. दुसऱ्यात हायड्रोक्लोरिक आम्ल, पेरॉक्साइड आणि पाणी १:१:६, तितकंच गरम. यात धातू जातात. द्रावण वापराच्या वेळीच बनवा, कारण गरम पेरॉक्साइड बघता बघता विघटन पावतो.

दुसरी पायरी टाळायचा मोह होतो. टाळू नका. निकेल हे स्फटिकीकरण घडवून आणणारं द्रव्य आहे. निकेल असलेल्या स्टीलच्या चिमट्याने कड धरली आणि तिथे धातूचा लवलेश राहिला, तर बाकीचा थर अमॉर्फस असतानाच त्या जागी स्फटिकाचा ठिपका उठू शकतो. चिमटे टेफ्लॉनचे वापरा.

हायड्रोफ्लुरिक आम्ल इथे अगदी विरळ आणि काही सेकंदच, कारण ते ऑक्साइड आणि क्वार्ट्झ दोन्ही खातं. हे आम्ल कातडीतून आत जातं, वेदना उशिरा होतात आणि ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी आहे आणि तिची मुदत संपलेली नाही, हे बघितल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

अमॉर्फस थर बसवणं

लो-प्रेशर सीव्हीडी (कमी दाबाखाली वायूपासून थर बसवणारी) फर्नेस मिळत असेल तर दुसरं काही बघू नका. शुद्ध सायलेन, ५५० अंश, दाब ०.२ ते ०.५ टॉर. या तापमानाला वाढीचा वेग मिनिटाला २ नॅनोमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे १०० नॅनोमीटरला पाऊण तास ते तास धरा. ५८० अंशांच्या वर गेलात की बसतानाच सूक्ष्म स्फटिक पडायला लागतात, आणि एकदा ते थरात शिरले की पुढे कितीही सावकाश तापवा, ग्रेन मोठे होत नाहीत. ट्यूबच्या तिन्ही झोनचं तापमान थर्मोकपल आत घालून खरंच मोजा. कंट्रोलरच्या पडद्यावरचा आकडा आणि बोटीजवळचं तापमान यांत फरक असतो.

सायलेन सोडण्याआधी गळती तपासा. ट्यूब पूर्ण पंप करा, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब किती वेगाने चढतो ते घड्याळ लावून बघा. मग नायट्रोजनने भरणं आणि उपसणं दोन-तीनदा करा. हे सगळं ऑक्सिजनसाठी. थरात ऑक्सिजन शिरला की स्फटिकाची वाढ मंदावते आणि ग्रेनमध्ये दोष राहतात. फर्नेसच्या इतर कुठल्याही सेटिंगपेक्षा मी गळतीच्या या एका आकड्यावर जास्त वेळ घालवतो. बॅच बिघडली की लोक तापमानाच्या मागे लागतात आणि गळती तशीच राहते.

सायलेन हवेत आपोआप पेटतो. कधीकधी तो लगेच पेटत नाही, साचतो आणि मग एकदम भडकतो. हे जास्त घातक. थर पूर्ण झाला की गॅस बंद करून लाइन नीट पर्ज झाल्याखेरीज ट्यूब उघडायची नाही.

डायसायलेन उपलब्ध असेल तर ४५० ते ४८० अंशांनाही चांगला वेग मिळतो. इतक्या कमी तापमानाला बसलेला थर जास्त अव्यवस्थित असतो, त्यात बीजं कमी पडतात आणि पुढे ग्रेन मोठे होतात. गॅस महाग, पण ग्रेनच्या आकारात फरक उघड दिसतो.

प्लाझ्मा सीव्हीडीने २०० ते ३५० अंशांना बसवलेल्या थरात १० टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन असतो. तो आधी काढावा लागतो: ४५० अंश, एक ते दोन तास, आणि तापमान अगदी सावकाश चढवायचं. घाई केली तर हायड्रोजन फोड आणून बाहेर पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली मग गोल खड्डे दिसतात, काहींच्या कडेला सोललेली टोपी अजून लटकलेली असते.

पहिल्या बॅचमध्ये डोपिंग (वाहकता वाढवायला मिसळलेले फॉस्फरस किंवा बोरॉनचे अणू) घालू नका. फॉस्फिनमुळे थर बसण्याचा वेग घटतो, डायबोरेनमुळे वाढतो, आणि फॉस्फरस व बोरॉन दोन्ही स्फटिकीकरणाला वेग देतात. एकाच वेळी इतक्या गोष्टी हलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

फर्नेसमध्ये स्फटिकवणं

तापमान ६०० अंश, वातावरण कोरड्या नायट्रोजनचं, वेळ २० ते २४ तास. पहिले काही तास काहीच घडत नाही. हा बीजं पडण्याआधीचा काळ. मग जिथेतिथे स्फटिक उगवतात, बहुतेक खालच्या ऑक्साइडच्या सीमेवर, आणि एकमेकांना भिडेपर्यंत आडवे पसरतात. थर १०० नॅनोमीटरचा आणि ग्रेन मायक्रॉनभर रुंद, असं झालं की वाहकांना वाटेत सीमा कमी लागतात.

६००च का? बीजं पडण्याचा वेग तापमानाला वाढीच्या वेगापेक्षा जास्त संवेदनशील असतो. ७०० अंशांना काम कितीतरी लवकर उरकतं, पण बीजं भरमसाट पडतात. ५५० अंशांना ग्रेन मोठे मिळतील, पण इतके दिवस फर्नेस तुम्हाला कुणी देणार नाही. ६०० ही त्यातली तडजोड.

थर आत ठेवण्याआधी विरळ हायड्रोफ्लुरिकमध्ये क्षणभर बुडवून वरचा नैसर्गिक ऑक्साइड काढा. एकाच वेफरचे पाच-सहा तुकडे करा आणि ४, ८, १२, १६, २४ तासांनी एकेक बाहेर घ्या. या तुकड्यांवरून तुमच्या फर्नेसचा आणि तुमच्या थराचा खरा वेळ कळतो. दुसऱ्या कुणाचा आकडा इथे कामाला येत नाही, कारण ऑक्सिजन आणि बसवण्याचं तापमान बदललं की तो सुरुवातीचा काळच बदलतो.

क्वार्ट्झचे तुकडे उजेडासमोर धरून रांगेत लावले की प्रगती डोळ्यांनी दिसते. न तापवलेला तुकडा तपकिरी-लालसर, पूर्ण स्फटिकलेला फिकट पिवळसर आणि जास्त पारदर्शक. गंमत अशी की स्फटिकाचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अमॉर्फसचा १.७च्या आसपास, नुसत्या बँडगॅपवरून अंदाज बांधला तर स्फटिक जास्त गडद दिसायला हवा. पण स्फटिकाचा बँडगॅप अप्रत्यक्ष असल्यामुळे तो दृश्य प्रकाश कमी शोषतो. मधल्या तासांच्या तुकड्यांत रंग कडेकडून बदलताना दिसला तर कडेला धातूचा मळ आहे असं समजा आणि सफाईकडे परत जा.

लेसरचा मार्ग

काच ६०० अंश सोसत नसेल किंवा मोबिलिटी १००च्या पुढे हवी असेल तर एक्सायमर लेसर. फोनच्या पडद्यांतलं कमी तापमानाचं पॉलिसिलिकॉन याच मार्गाने येतं. झेनॉन क्लोराइडचा ३०८ नॅनोमीटरचा अतिनील झोत सिलिकॉनच्या वरच्या काही नॅनोमीटरमध्येच शोषला जातो, पल्स ३० नॅनोसेकंदांच्या आसपास असतो. थर वितळून गोठतो तोवर उष्णता खालच्या काचेला धक्का लावण्याइतकी पोचलेली नसते.

ऊर्जा कमी पडली तर थर वरवर वितळतो आणि ग्रेन बारीक राहतात. जास्त झाली तर थर आरपार वितळतो, एकही बीज उरत नाही, द्रव खूप खाली थंड होतो आणि मग एकदम असंख्य बीजं पडून थर पुन्हा बारीक ग्रेनचा होतो. मधे एक अरुंद खिडकी आहे. तिथे थर जवळजवळ पूर्ण वितळतो, तळाशी घन सिलिकॉनची तुरळक बेटं उरतात आणि त्यांच्यापासून ग्रेन आडवे दूरवर वाढतात. ५० नॅनोमीटरच्या थराला ही खिडकी साधारणपणे चौरस सेंटिमीटरला ३०० ते ४०० मिलीजूलच्या पट्ट्यात सापडते, पण नेमकी जागा तुमच्या थरावर ठरते. १० मिलीजूलच्या पायऱ्यांनी शेजारी शेजारी पट्टे मारा, नमुना तिरक्या उजेडात धरा. जिथे पट्ट्याचा धुरकटपणा अचानक वाढतो, ती जागा खिडकीच्या जवळची. मग झोत सरकवताना ९० ते ९५ टक्के ओव्हरलॅप ठेवा, म्हणजे प्रत्येक जागेवर १० ते २० पल्स पडतील आणि पल्सपल्समधला चढउतार झाकला जाईल.

या थराचा पृष्ठभाग खडबडीत होतोच. सिलिकॉन गोठताना १० टक्क्यांच्या आसपास फुगतो. समोरासमोरून येणाऱ्या ग्रेनच्या कडा भिडतात तिथे उरलेल्या द्रवाला वर जाण्यावाचून वाट नसते आणि टेकड्या उठतात. गेटचा ऑक्साइड पातळ असेल तर याच टेकड्यांवर तो फुटतो.

निकेल लावून ५०० ते ५५० अंशांना स्फटिकवायची पद्धतही आहे. निकेल डायसिलिसाइडची जाळी सिलिकॉनशी ०.४ टक्क्यांच्या फरकाने जुळते, म्हणून ते बिजाचं काम चोख करतं. पण उरलेलं निकेल गळतीचा प्रवाह वाढवतं. अॅल्युमिनियम ५७७ अंशांच्या युटेक्टिकखालीच (सिलिकॉनबरोबरचं मिश्रण वितळण्याच्या किमान तापमानाखालीच) काम करतं आणि थर पी-टाइप करून ठेवतं. सोलर सेलच्या बीजथराला ठीक, ट्रान्झिस्टरला मी वापरणार नाही.

दोष भरून काढणं

फर्नेसमधले ग्रेन मोठे दिसले तरी आतून जुळ्या सीमांनी (जिथे जाळी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटते अशा दोषांनी) भरलेले असतात. सब्स्ट्रेट सोसत असेल तर ९०० ते १००० अंशांना काही सेकंदांचं रॅपिड थर्मल अनीलिंग त्यातले बरेच दोष कमी करतं. काचेवर अर्थातच नाही.

ग्रेनच्या सीमांवरच्या मोकळ्या बंधांना हायड्रोजन द्यायचा: प्लाझ्मामध्ये ३०० ते ४०० अंश. ही पायरी क्रमात शेवटी ठेवा. ४५०-५०० अंशांच्या वर हायड्रोजन परत निघून जातो, त्यामुळे नंतर कुठलीही गरम पायरी आली की केलेलं काम वाया.

तपासणी

सुरुवात रामन वर्णपटाने, म्हणजे लेसर मारून विखुरलेल्या प्रकाशातला बदल मोजून. स्फटिक सिलिकॉनचं शिखर ५२० प्रति सेंटिमीटरला अरुंद येतं, अमॉर्फसचा रुंद उंचवटा ४८०ला. इथेच वेफरवाला सापळा आहे. हिरवा ५३२ नॅनोमीटरचा लेसर स्फटिक सिलिकॉनमध्ये मायक्रॉनभर खोल जातो. तुमचा थर १०० नॅनोमीटरचा. वेफरवर मोजलंत तर थर आणि ऑक्साइड ओलांडून खालच्या वेफरचं शिखर ५२०ला झळकतं आणि अर्धवट स्फटिकलेला थरही उत्तम वाटतो. म्हणून रामन क्वार्ट्झच्या तुकड्यावर घ्या, नाहीतर अतिनील लेसर वापरा. क्वार्ट्झवर शिखर ५२०च्या दोन-तीन एकक खाली सरकलेलं दिसलं तर घाबरू नका, तो ताण आहे. लेसरची शक्तीही कमी ठेवा. नमुना तापला तरी शिखर खालीच सरकतं.

अतिनील परावर्तन हा स्वस्त आणि दुर्लक्षित उपाय. स्फटिक असेल तर २७५ आणि ३६५ नॅनोमीटरच्या आसपास दोन उंचवटे येतात. पृष्ठभाग खडबडीत असला की २७५चा आधी पडतो. क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या नेहमीच्या किरणांनी २८.४, ४७.३ आणि ५६.१ अंशांना रेषा शोधा. इतक्या पातळ थराला झोत अगदी तिरका लावा.

ग्रेन डोळ्यांनी बघायचे तर सेको एचिंग (ग्रेनच्या सीमा आणि दोष आधी खाणारं द्रावण) आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. सेकोचं मूळ द्रावण मिनिटाला मायक्रॉनहून जास्त खातं, म्हणजे १०० नॅनोमीटरचा थर काही सेकंदांत साफ. पाण्याने भरपूर विरळ करा आणि आधी फालतू तुकड्यावर वेळ ठरवा. त्यात हायड्रोफ्लुरिकबरोबर सहा-संयुजी क्रोमियम असतं, तेव्हा कचरा वेगळ्या बाटलीत.

विद्युत मोजमापाला डोपिंग लागतं. थर अनडोप्ड असताना फोर-पॉइंट प्रोब (चार सुयांनी रोध मोजणारं उपकरण) लावून उपयोग नाही, रोध इतका असतो की मीटर नुसता भरकटतो. पॉलिसिलिकॉनमध्ये डोपिंग थोडं असेल तर सगळे वाहक सीमांवरच्या सापळ्यांत अडकतात आणि तिथे विभवाचा अडसर उभा राहतो. संशोधक सेटो यांनी १९७५मध्ये मांडलेलं हे चित्र अजून कामाला येतं. घन सेंटिमीटरला १० च्या १८व्या घाताइतके अणू गेल्यावर सापळे भरतात आणि रोध एकदम कोसळतो. त्यामुळे दोन थरांची तुलना करायची तर दोन्हींत डोपिंग सारखं, आणि या उंबरठ्याच्या बरंच वर ठेवा. उंबरठ्याजवळ डोपिंगमधला किरकोळ फरकही ग्रेनमधला मोठा फरक असल्यासारखा दिसतो.